झोक्यावर बसून सांगायची गोष्ट

शोभा,

आज आखाजी, अक्षय्य तृतीया. आबा सकाळच्या एस.टी.नं धुळ्याहून आले, दरवर्षी तुला माहेरी न्यायला यायचे तसेच. ओट्यावर चपला काढल्या, उपरण्यानं तोंड पुसलं आणि सवयीनं आत हाक दिली, "शोभे, आवरं का व?" आपलाच आवाज कानावर पडल्यावर तिथंच ओट्यावर बसले. माझी माय पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि तिनं तो त्यांच्यापुढे ठेवला. सासऱ्यांना आत बोलवायचं असतं एवढंसुद्धा मला सुचलं नाही.

तू गेल्यावरची ही पहिली आखाजी. मधल्या दिवसांत पुष्कळ लोक येऊन गेले, सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. एक बाई तर म्हणाली, "फार सोशीक होती हो तुमची मंडळी." सोशीक! तू! माझं एक वाक्य तू कधी वाद घातल्याशिवाय खाली पडू दिलं नाहीस. मी मान खाली घालून ऐकून घेतलं, पण आतून हसू येत होतं, आणि हसू आलं म्हणून रडू आलं. तेव्हाच ठरवलं की तुला लिहायचं. आपला एक वाद अर्धवट राहिला होता. त्याचा निकाल मागच्या आठवड्यात लागला. तो तुला सांगतो आहे खरा, पण तो तुला माझ्या आधीपासून माहीत होता.

धुळ्यात, तुमच्या देवपूरच्या कॉलेजात आपण एक बाक सोडून बसायचो. तुझी अहिराणी, आणि मी रावेरकडचा, केळीवाल्यांच्या घरातला. माझी बोली देवानं केवळ तुला हसता यावं म्हणून केली आहे असं तू मैत्रिणींना सांगायचीस. लग्नानंतर जळगावात घराच्या पुढच्या खोलीत आपण कॉम्प्युटरचं काम काढलं. शाळा-कॉलेजांचे गुण भरायचे, टक्के काढायचे, निकालपत्रकं छापून द्यायची. मी गावोगाव हिंडून काम आणायचो आणि हेडमास्तरांबरोबर चहा प्यायचो. मशीन तुझं होतं. मधल्या खोलीत तो मोठा सर्व्हर, ज्याला माय 'डबा' म्हणायची, आणि पुढच्या खोलीत त्याच्या तारांना जोडलेले पडदे आणि कीबोर्ड. मुली पुढे बसून गुण भरायच्या, पण सगळं काम आतल्या डब्यात व्हायचं. तो थांबला की दुकान थांबायचं.

आणि होळी झाली की तो थांबायचाच. आपल्याकडचं ऊन बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. दुपारी गरम वारा सुटला की पडद्यावरची अक्षरं आहेत तिथं गोठायची. मुली हात मांडीवर ठेवून बसायच्या आणि तू पदर खोचून आत धावायचीस. बंद करायचीस, निवू द्यायचीस, परत सुरू करायचीस. भरलेलं शेवटचं पान गेलेलं असायचं.

तुझं म्हणणं असं, की दोष प्रोसेसरचा. जुना झाला, निकालाच्या दिवसांत त्याच्यावर भार फार पडतो, तो तापतो आणि त्याच्या डोक्यावर साधा पंखाही नाही. त्याच खाचेत बसणारा नवा निघाला होता, दुप्पट वेगाचा, पंख्यासकट. तोच बसवायचा. माझं म्हणणं असं, की मशीन उत्तम आहे, खोली तापते. आमच्या केळीच्या बागेला झळ लागू नये म्हणून कडेनं शेवरीची दाट रांग लावतात. बाग तीच, झाडं तीच, फक्त वारा अडवायचा. इथं शेवरी लावता येत नाही, म्हणून पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ओलं गोणपाट लावू.

"गोणपाट?" तू म्हणालीस. "मशीनजवळ ओलं?"

"बाहेरून आहे."

"हवा आत येते ना? तुले काय समजस!"

तुझा राग अहिराणीत उतरला की मी गप्प बसायचो, पण हार मानायचो नाही. त्या खोलीत पाण्याचा थेंब येऊ द्यायचा नाही हा तुझा कायदा होता. मायसुद्धा तांब्या घेऊन उंबऱ्याबाहेर थांबायची आणि तिथूनच तुला हाक मारायची.

तुमच्या दोघींचा वाद वेगळा होता. डबा उघडायच्या आधी तू बांगड्या काढून ठेवायचीस, सोन्याच्या आणि काचेच्याही. आत धातू लागायला नको, काच पडायला नको. पहिल्यांदा मायनं ते पाहिलं तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं. "नवरा समोर बसेल हाये, अन् ही बोडके हात करून बसली!" तू वाद घातला नाहीस, हे मला त्या वेळी फार लागलं होतं, कारण माझ्याशी तर तू मिठावरूनही घालायचीस. माझा हातरुमाल मागितलास, बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवल्यास आणि वरून रुमाल करकचून बांधलास. पुढे कायम तसंच. डब्याच्या पत्र्याला आधी हात लावायचा, अंगात साचलेली वीज जाऊ द्यायची आणि मग आत हात घालायचा. तुझ्या कोपराखालचे त्या बांगड्यांचे वळ मला अजून दिसतात. डोळे मिटायचीही गरज पडत नाही.

नवा प्रोसेसर तू मागवलासच. ओळखीच्या कुणीतरी मुंबईहून आणून दिला. छोटी डबी, आत काळा स्पंज, स्पंजात रोवलेली चिप. तू मला दाखवायला आणलीस तर मी बघितलंही नाही. म्हणालो, "चालत्या मशीनला हात लावायचा नाही. निकाल होऊ दे, मग बघू." तू डबी कपाटात साड्यांच्या मागे ठेवलीस. मग मी दोन दिवस धुळ्याला कामाला गेलो, आणि परत आल्या आल्या, तुझ्या नाकावर टिच्चून, खिडकीला गोणपाट लावलं.

आणि मशीन थांबलं नाही! दुपारी वारा सुटला, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि आत मशीन आपलं चालूच. दुसऱ्या दिवशीही तेच. वर वेग वाढला. ज्या कामाला चहा पिऊन येण्याइतका वेळ लागायचा ते बोलता बोलता व्हायला लागलं. मी किती शेखी मिरवली, तुला आठवत असेल. नशिराबादच्या हेडमास्तरांना सांगितलं, त्यांनी शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खिडकीलाही गोणपाट लावलं. एक दिवस मी तुला म्हणालो, "मशीनचा आवाज बदललाय, बारीक गुणगुणतंय." तू गुण तपासत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुमची गार हवा लागली ना त्याला, म्हणून गातंय." मुली खाली बघून हसल्या. मला वाटलं, त्या तुला हसताहेत.

मग ती दुपार. तू पडद्यासमोरून उठलीस, डोकं फार दुखतंय म्हणालीस आणि मायच्या खांद्यावर हात ठेवलास. दवाखान्यात पोचेपर्यंत तुला बोलता येत नव्हतं. याहून जास्त मला लिहायचं नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी पहिल्यांदा पुढच्या खोलीत बसलो. माझं नाव टाकलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत तुझी अहिराणी उमटली: जेवना का?

जेवलास का, एवढंच विचारणारी ती ओळ तू कधीचीच घालून ठेवली होतीस, फक्त माझ्या नावापुढे, कारण कामाच्या दिवसांत मी जेवण विसरायचो. इतकी वर्षं ती येत होती आणि मी ती बघतही नव्हतो. त्या दिवशी बघितली. लोकांसमोर तू मला 'अहो' म्हणायचीस, दार लोटलं की 'तू', आणि ही ओळ दार लोटल्यानंतरची. मी 'हो' असं टाइप केलं. मशीननं त्याच्या नेहमीच्या इंग्रजीत उत्तर दिलं की असं काही सापडत नाही. 'नाही' टाइप केलं. तेही सापडत नव्हतं. मग मी बाहेर पडायचो आणि परत नाव टाकायचो, बाहेर पडायचो आणि परत नाव टाकायचो. शेजारी मुली खाली बघून गुण भरत राहायच्या.

तेव्हापासून मी मशीन बंद करणं सोडलं. दिवसभर चालायचं, मी झोपलो तरी मधल्या खोलीतून ती गुणगुण यायची. लाईट गेली की मशीनची बॅटरी टिकेपर्यंत जीव टांगणीला. बंद केलं आणि परत उठलंच नाही तर? तू असताना मशीन पडलं तर ते मशीन होतं. आता ते पडलं असतं तर मला जेवायला विचारणारं तुझं कोणी उरलं नसतं. माय विचारते, पण तिच्या विचारण्यात आता भीती असते.

पण चैत्र सरत आला, निकालांचं काम अंगावर आलं, आणि मला वाटायला लागलं की गोणपाटाच्या भरवशावर इतका भार टाकू नये. खरं सांगू? निमित्त शोधत होतो. तू मागितलेली एकच गोष्ट कपाटात पडून होती. वाद तुझ्या बाजूनं मिटवायचा माझ्याकडे तेवढा एकच मार्ग होता. नाशिकहून माणूस बोलावता आला असता, पण तुझ्या मशीनमध्ये परका हात नको वाटला.

माय म्हणाली, "आखाजीलोक थांब ना रे भाऊ."

मला वाटलं, आखाजीपर्यंत थांब ते दिवस चांगला बघावा म्हणून म्हणतेय. म्हटलं, नाही, आजच. तिनं पुन्हा म्हटलं, मी पुन्हा नाही म्हटलं. मग ती मुकाट्यानं उजेडाला हातबॅटरी घेऊन आली.

दुपारची वेळ. मुलींना सुट्टी दिली. तू शिकवलेला बंद करायचा हुकूम दिला आणि ती गुणगुण थांबली. खोली इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. साड्यांमागून डबी काढली, उघडली. काळ्या स्पंजात चिप होती. सपाट, राखाडी, वर काहीही नाही. पंखा कुठाय? तूच सांगितलं होतंस ना, नव्याच्या डोक्यावर पंखा असतो? मला वाटलं, त्या मुंबईवाल्यानं तुला फसवलं. इतका संताप आला की डबी फेकणार होतो.

"पहिले आत पाह्य," माय म्हणाली.

मी पत्र्याला हात लावला, झाकण काढलं. मायनं बॅटरी धरली, आणि तिचा झोत शोधाशोध न करता नेमका एका जागी पडला. तिथं एक छोटा पंखा होता. स्वच्छ, नवा. बाकी सगळ्यावर धूळ आणि त्याच्यावर नाही. आणि तळाशी, तारांच्या खाली, हिरव्या काचेचा एक तुकडा.

मी तो उचलला. माझ्या हातातल्या डबीत जुना प्रोसेसर होता. नवा केव्हाच आत बसला होता.

माय खाली बसली. "मीच बॅटरी धरली होती," ती म्हणाली. "तू धुळ्याले गेलता तवा. मले म्हने, माय, आखाजीलोक तोंड उघडू नका. माहेरी झोक्यावर बसून सांगीन म्हने, गानं म्हनून, आबांच्या समोर. मले वचन मागलं, मी दिलं. ती राह्यली नाही म्हनून काय मोडू?"

झोक्यावर बसून! आखाजीला तुम्ही पोरी लिंबाला झोका बांधून सासरच्यांची उणीदुणी गाता, हे मला माहीत होतं. एका आखाजीला माझ्या घोरण्यावर गायलेलं मी स्वतः ऐकलं आहे, आबा उपरण्यात तोंड लपवून हसत होते. म्हणजे मी गोणपाटाला पाणी मारत होतो, गावभर त्याचं कौतुक करत होतो, आणि तू आतल्या आत ओळी जुळवत होतीस. नशिराबादच्या हेडमास्तरांनाही त्यात जागा दिली होतीस का?

मी मायला विचारलं, "आणि बांगडी?"

तिनं त्या तुकड्यावर बॅटरी धरली. मग म्हणाली, "मीच म्हटलं होतं, काढून ठेव बाई, घरात कोन पाह्यते. तर म्हने, नको, तुम्हाले वाईट वाटते. रुमाल तुह्या खिशात धुळ्याले गेलता. तशीच बसली. अन् एक वाढली."

बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. माझी माय तेव्हाही ते विसरली नाही.

"मी तुह्यासाठी भ्याली होती रे," ती म्हणाली. "सवाष्णीची बांगडी वाढली, मले वाटलं तुह्यावर काही येते. शनिवार धरले, मारुतीले तेल घातलं. तुह्यासाठी. अन् गेली ती."

शोभा, तुम्हा दोघींचं असं काही होतं हे मला कुणी सांगितलंच नाही. मी मधे बसून तुमची भांडणं सोडवत होतो, आणि तुम्ही माझ्यामागे एकमेकींची वचनं सांभाळत होतात. मायला काय सांगायचं? तिला म्हटलं, बांगडीनं काही होत नाही. तिनं मान हलवली. तिला पटलेलं नाही, आणि खरं सांगतो, त्या दुपारी, तो तुकडा हातात असताना, मलाही नीट पटत नव्हतं.

झाकण लावायच्या आधी तुझं एक वाक्य आठवलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, प्रोसेसर बदलला तर आतलं सगळं पुसलं जाईल ना? तू कपाळावर हात मारला होतास. "प्रोसेसरला काही आठवत नसतं रे. समोर आलेलं काम करतो आणि विसरतो. आठवणी सगळ्या डिस्कवर." मला ते तेव्हा कळलं नव्हतं. आता कळून मी बटन दाबलं. डिस्क घरघरली, थांबली, परत घरघरली. पंखा गुणगुणायला लागला. पडदा बराच वेळ काळाच होता. मायनं बॅटरी अजून विझवली नव्हती, उजेडातच ती पडद्यावर धरून बसली होती. मग नाव विचारलं. मी टाकलं.

जेवना का?

"काय म्हनते?" मायनं विचारलं. तिला वाचता येत नाही. मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग जेव ना," आणि उठून पोळ्या करायला गेली.

हा झाला निकाल. तू जिंकलीस. तरी सांगतो, गोणपाटानं थोडा फरक पडलाच असेल. अगदीच नाही असं नाही.

आज मायनं तुझ्या नावाची घागर भरली. नवी घागर, तोंडावर खरबूज, वर सांजोरी. गेलेल्या माणसाला वैशाखात तहान लागू नये म्हणून. आबांनी हात जोडले. मग माय कुणाला न विचारता ती उचलून मधल्या खोलीत घेऊन गेली आणि मशीनशेजारी ठेवली, कारण तू तिथंच असायचीस. मी बघितलं, आणि घागर परत उचलली. थोडं पाणी माझ्या पायावर सांडलं. उंबऱ्याच्या बाहेर, जिथून माय तुला हाक मारायची, तिथं ठेवली. मायच्या लक्षात आलं. म्हणाली, "हो बाई, रागावली असती."

जेवताना मी आबांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मी विचारलं, गाणं तुम्हाला माहीत होतं का? एखादी ओळ? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "हासे नुसती," ते म्हणाले. "म्हने, आबा, आखाजीले ऐका." मग हात धुतल्यावर, माझ्याकडे न बघता, "झोका बांधेल शे. दरसाल बांधस तसाच. बसाले कोनी नई. तुम्ही चला, जावाईबापू."

मी निघतो आहे. निघायच्या आधी मशीनपाशी गेलो, नाव टाकलं, ओळ वाचली. आज खरोखर जेवलो होतो. मग बंद करायचा हुकूम दिला आणि पंखा थांबेपर्यंत उभा राहिलो. परत आल्यावर मशीन विचारेल हे मला माहीत आहे. खिडकीचं गोणपाट काढलेलं नाही, ते तसंच राहू दे.

देवपूरला झोका रिकामा असेल. मी आबांशेजारी ओट्यावर बसेन. तू म्हणणार होतीस ते म्हण, शोभा. हरलोय हे मला कळलंय, पण ते तुझ्या तोंडून ऐकायचं राहिलंय.